आजोबांची भाजी निवडायची नसते

पान सापडलं तेव्हा पाहुण्यांना निघून बराच वेळ झाला होता.

यासुए मोरीपाशी उभी होती. सकाळची भांडी घासून झाली होती. भाजीची देठं खताच्या खड्ड्यात टाकून यावीत म्हणून तिने बादली उचलली, आणि वरचंच एक पान तिच्या मनगटाला चिकटलं. तिने ते झटकलं. पान फरशीवर उलटं पडलं आणि त्याच्या शिरा वर आल्या. यासुए ओणवी झाली आणि नीट बघितलं.

बर्फ ओसरलं की तोचिझावा गावच्या डोंगरात सगळ्यात आधी वर येते ती उरुई. कोवळी, हिरवीगार; नुसती उकडून सोयाबीनच्या खारट मिसोत कालवली तरी माणूस भाताचा दुसरा वाडगा मागतो. आणि तिच्याच शेजारी, तिच्याच दिवसांत, तिच्यासारखीच मान वर काढते ती बाइकेइ. एक पोट भरते, दुसरी पोटातलं सगळं बाहेर काढते, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब समजायचं. उरुईच्या पानाला लांब देठ असतो, मधोमध एक शीर आणि तिला फुटलेल्या बारक्या शिरा. बाइकेइला देठ नाही, आणि शिरा बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ, मिटलेल्या पंख्याच्या घड्यांसारख्या. फरशीवरच्या पानाला देठ नव्हता.

"नसेल गं बाई," यासुए स्वतःलाच म्हणाली, आणि अख्खी बादली फरशीवर उपडी केली. चिवडून चिवडून पाहिलं. आणखी एक पान निघालं, तसंच, पंख्यासारखं. ही दोन तिने सकाळी जून वाटली म्हणून बाजूला टाकली होती. मग जी कोवळी दिसली आणि पातेल्यात गेली, त्यांत किती होती? उकडल्यावर तर सगळी पानं सारखीच. मिसो, चिमूटभर साखर, व्हिनेगर, आणि तीन डब्यांत तीन वाटे.

भाजी पहाटे दारात आली होती. कुणी ठेवली हे तोचिझावात विचारत नाहीत. दार उघडायचं, पायरीवर काही असेल तर उचलायचं, आणि दोन-चार दिवसांनी आपल्याकडचे मुळे नाहीतर लोणचं त्या घरच्या पायरीवर ठेवून यायचं. तोंडावर आभार मानले तर समोरचा उलट अवघडतो. नाव लागतच नाही, कारण बांधण्यावरून घर कळतं. भाताच्या पेंढ्याने बांधलेली, पेंढ्याचं टोक आत खोचलेली जुडी म्हणजे तोमेकिची आजोबांची.

आणि तोमेकिची आजोबांची भाजी निवडायची नसते. दुसऱ्या कुणाची जुडी आली तर तोचिझावातल्या बायका पान न पान उलटून बघतात. आजोबांची सरळ पाण्यात. ती पुन्हा निवडायची म्हणजे आजोबांना तोंडावर 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणण्यासारखंच. आता यासुएच्या स्वयंपाकघरात बघायला कोण बसलं होतं? चिटपाखरू नव्हतं. पण सवय ती सवय. धुताना आणखीही एक-दोन पानं हाताला जाड लागली होती, हे तिला आता स्वच्छ आठवलं. तेव्हा ती म्हणाली होती, जाऊ दे, आजोबांची भाजी आहे.

पाहुणे होते तिघं. ओसाकाचे निशिवाकी आजी-आजोबा आणि त्यांची नात कोतोहा. आदल्या दिवशी आले, यासुएच्या घरी राहिले, सकाळी न्याहारी करून वरच्या धबधब्याकडे निघाले. "गावच्या भोंग्यावर बाराची धून वाजली की डबे उघडा," यासुएनेच सांगितलं होतं, "धबधब्यापाशी बसायला छान दगड आहेत."

तिने फोन लावला. वरच्या धबधब्याला फोन लागत नाही हे गावातल्या मांजरालासुद्धा ठाऊक. तरी ती लावत राहिली. नवरा, इसाओ, ट्रक घेऊन नदीपलीकडच्या शेतात गेलेला, आणि त्याचा फोन नेहमीसारखा घरातच फळीवर. "डोंबल माझं!" यासुए त्या फोनवर ओरडली, पानं मुठीत घेतली आणि पायात मिळाल्या त्या चपला घालून बाहेर पडली. उजवा गुडघा दोन हिवाळ्यांपासून धरलेला. तरी ती पळाली.

तोमेकिची आजोबांचं घर वाटेतच लागतं. खरं तर तिने सरळ गावचं सभागृह गाठायचं, भोंगा तिथेच. पण माणसाचं मन मोठं लबाड. आजोबा एकदा म्हणाले, 'छे गं, ही कुठली बाइकेइ', की आपण सुटलो, असं तिच्या मनात असणारच.

आजोबा ओट्यावर बसले होते. अंगात सणाचा निळा डगला, डोक्याला फडकं, पुढ्यात टोपली. आज डोंगर उघडायचा दिवस. दुपारी शहरातून बस भरून माणसं येणार, आजोबा त्यांना डोंगराच्या कुशीत नेऊन रानभाज्या ओळखायला शिकवणार, ज्याची भाजी त्याने आपल्या हाताने तोडायची, आणि खाली मांडवात गरमागरम भजी. त्याचे कागद पार स्टेशनापर्यंत चिकटवलेले, आणि प्रत्येकावर आजोबांचा हसरा चेहरा. तोचिझावात बघण्यासारखं दुसरं आहे तरी काय? एक धबधबा, एक देऊळ आणि तोमेकिची आजोबा.

"आजोबा," यासुएने मूठ उघडली, "हे जरा बघता? काय आहे हे?"

आजोबांनी पान घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने चोळलं.

"उरुई. झकास आहे की. का गं? या गावात सून होऊन आलीस, केस पिकले, तरी अजून उरुई ओळखेना?"

"शिरा बघा ना, आजोबा. नीट बघा."

"शिरा काय बघायच्या? मी हिला वासावरून ओळखतो. हे बघ, कच्चीसुद्धा गोड लागते." आणि त्यांनी पान सरळ तोंडाकडे नेलं.

यासुएने ते त्यांच्या हातातून हिसकावलं. आजोबा आ वासून बघत राहिले. असं त्यांच्या हातातून कुणी कधी काही ओढून घेतलं नव्हतं.

"धुतलेलं नाही ते," ती कशीबशी म्हणाली. "मातीत पडलं होतं."

तेवढ्यात आतून आजोबांची सून हात्सुमी आली, मांडवात न्यायला मोठा झारा घेऊन. तिची नजर यासुएच्या हाताकडे गेली आणि तिचा चेहराच पडला. तिने यासुएला दंडाला धरलं आणि घरामागे सरपणाच्या ढिगाआड नेलं.

"कुठे सापडलं?" तिने विचारलं. 'काय झालं' नाही, 'हे काय आहे' नाही. एकदम 'कुठे'.

"माझ्या बादलीत. बाकीचं पाहुण्यांच्या डब्यांत गेलंय. तुला माहीत होतं?"

हात्सुमीने एप्रनमध्ये तोंड खुपसलं. "गेल्या वसंतापासून असं चाललंय. नजर गेलीय का डोक्यातलं काही पुसलंय, देव जाणे. डॉक्टरचं नाव काढलं की जेवण सोडतात. ते डोंगरावरून आले, तोंड धुवायला गेले, की मी टोपली उपसते. वाईट तेवढं काढायचं आणि परत त्यांच्यासारखंच पेंढ्याने बांधून ठेवायचं. आज मांडवाच्या कामाला मी अंधारातच गेले गं. आणि ते तुझ्या पायरीवर ठेवून आले."

"वर्षभर! आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? डोंगर काढून घेतला तर त्या माणसात उरतं काय, सांग ना. झाकली मूठ होती, म्हटलं राहू दे झाकलेली."

"त्या मुठीत विष आहे, हात्सुमी!"

"त्यांना नको कळू देऊस. तुझ्या पाया पडते."

"आणि दुपारी? बसभर माणसं तोडणार त्यांच्यामागून. त्यांचं काय?"

"कढईपाशी मी उभी आहे ना. माझ्या हातातून गेल्याशिवाय एक पान तेलात पडायचं नाही."

यासुए वाद घालायला थांबली नाही. वाटेत तिला कोतोहा डोळ्यांसमोर दिसत होती. सकाळी त्या पोरीने स्वतःचा डबा स्वतःच रुमालात बांधला होता, गाठ सुटली तर पुन्हा बांधला होता. यासुएने शेजारी बसून कौतुक केलं होतं. पळता पळता तिला रडू फुटलं, आणि रडताना पळता येत नाही म्हणून तिने ते गिळलं.

सभागृहापुढे मांडव घातला होता आणि गावप्रमुख हिराबायाशी शिडीवर चढून कागदी कंदील लावत होते. गावप्रमुखही तेच, पर्यटन समितीही तेच, आणि भोंग्याची किल्लीही त्यांच्याच कमरेला.

"भोंगा लावा," यासुए खालून म्हणाली.

"बाराचा ना? लावतो की. अजून अवकाश आहे."

"आत्ता लावा! पाहुण्यांच्या डब्यांत बाइकेइ गेलीय!"

हिराबायाशी शिडीवरून उतरले की पडले ते त्यांनाच माहीत. पण माणूस वाईट नाही हो. अग्निशमन दलाची दोन पोरं होती त्यांना त्याच पावली धबधब्याच्या वाटेला पिटाळलं, खालच्या गावातून अँब्युलन्स मागवली. हे सगळं झटपट केलं. भोंग्यापाशी मात्र त्यांचं घोडं अडलं.

"भोंग्यावर काय म्हणणार, वहिनी? 'विष' म्हणणार? बस घाटाच्या पायथ्याला जेवायला थांबलीय, दुपारीच वर येणार. खिडक्या उघड्या असतील त्यांच्या!"

"ती पोरं बाराच्या आत पोचायची नाहीत. चढ बघा किती आहे."

"थांबा, थांबा... अस्वल! अस्वल दिसलं म्हणू. डबाबिबा टाकून पळत सुटतील खाली."

"आणि बस?"

हिराबायाशींनी क्षणभर विचार केला. "बसही पळेल," ते म्हणाले. "अस्वल नको. त्यांची पिशवी सापडली म्हणू?"

"पिशवीसाठी घास टाकून कोण उठतं, हिराबायाशीसान? किल्ली द्या."

"अहो, तुमच्या घराचं नाव घ्यावं लागेल. कुणाचा डबा, कळायला नको?"

तोचिझावाच्या भोंग्यावर घराचं नाव एकाच वेळी घेतात: त्या घरात कुणी गेलं की. बाकी सण असो, पूर असो, वानरं शेतात शिरोत, नाव कुणाचंच नाही. आपल्या जित्या घराचं नाव आपणच भोंग्यावर घ्यायचं म्हणजे आपल्या हाताने पाणी सोडण्यातला प्रकार. तरीही तिने हात पुढे केला आणि हिराबायाशींनी त्यावर किल्ली ठेवली.

भोंग्यावर सावकाश बोलावं लागतं. घाईने बोललं तर समोरचा डोंगर पहिला शब्द परत फेकतो तो दुसऱ्यावर येऊन आदळतो आणि नुसता कालवा होतो. यासुएला एकेका शब्दामागे थांबावं लागत होतं.

"कामियांच्या घरून... यासुए बोलतेय... निशिवाकीसान... डब्यातली... हिरवी भाजी... खाऊ नका. तिच्यात... विषारी पान... गेलंय. खाऊ नका... आणि खाली या."

तिने श्वास घेतला. समोरच्या डोंगराने 'खाली या' परत पाठवलं.

"भाजी... मी स्वतः तोडली. चूक... माझी आहे."

हे शेवटचं तिने ठरवलं नव्हतं. हात्सुमीचा एप्रनमध्ये खुपसलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि जिभेवरून ते निघून गेलं. मग प्रत्येक वेळी तेच म्हणावं लागलं, नाहीतर लोक म्हणतील, मघाशी एक आणि आता एक. घसा बसेपर्यंत ती तेच तेच म्हणत राहिली.

गावात जो तो होता तिथे थबकला. कामियांचं नाव ऐकून दोघी-तिघींनी हात जोडलेसुद्धा. इसाओ शेतात होता. भोंग्यावर आपल्या घराचं नाव ऐकून त्याला आधी वाटलं, आपणच गेलो की काय. मग बायकोचा आवाज ओळखला आणि तो ट्रककडे धावला.

पुढची वाट काही गुडघा चढू देईना. यासुए पुलापाशी उभी राहिली, जिथून धबधब्याची पायवाट सुरू होते तिथे. बाराची धून वाजली. रोज ती धून वाजली की तिला भुकेची आठवण यायची; आज ती कानांवर हात ठेवून उभी होती. ऐकलं असेल का? धबधब्याचा आवाज केवढा. पाण्याला अगदी खेटून बसले असतील तर? पोरगी काठीने पाणी उडवत असेल, आजी डब्याची गाठ सोडत असेल. आपणच सांगितलं, छान दगड आहेत म्हणून. तिने स्वतःला नाही नाही ते बोलून घेतलं.

वळणावरून आधी आली ती कोतोहा, पुढेपुढे उड्या मारत.

"काकू! तुमचा आवाज झाडांतून आला!"

"तू खाल्लीस का गं भाजी? खरं सांग!"

"शी! मला हिरवं नाही आवडत."

यासुएने तिला इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरली. मागून आजी आल्या, धापा टाकत. "मी अगदी तोंडापाशी नेली होती, आणि तुमचा आवाज आला," त्या म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष मागेच होतं. मागून अग्निशमन दलाचा एक पोरगा येत होता, आणि त्याच्या पाठीवर निशिवाकी आजोबा. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, ओठ थरथरत होते.

"मला जरा आधीच भूक लागली," ते यासुएला म्हणाले, जणू चूक त्यांचीच. "कडू लागली हो. पण रानभाजी कडूच असते म्हणतात ना? तुम्ही एवढ्या मायेने दिलेली, टाकायची कशी? सणाच्या दिवशी तुम्हाला त्रास दिला." आणि पुलाच्या कठड्याला धरून त्यांनी पुन्हा ओकारी काढली.

अँब्युलन्स तिघांनाही घेऊन गेली. यासुएला कुणी बरोबर घेतलं नाही. ती मांडवाच्या कडेला एका खोक्यावर बसून राहिली, फोन दोन्ही हातांत धरून. भजीचं पीठ कालवणाऱ्या बायका तिच्याकडे बघत नव्हत्या, आणि बोलत मात्र तिला ऐकू जाईल अशा बोलत होत्या.

"पाहुणे ठेवायचे म्हणजे नुसत्या गाद्या घालायच्या नसतात बाई."

"हो ना. येत नाही तर तोडायला जायचं कशाला? आजोबा देतात की दारात आणून."

हात्सुमी कढईपाशी उभी होती. तिने मान वर केली नाही.

इसाओ आला आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला. "अगं, तू कधी गेलीस डोंगरावर?" तो हळूच म्हणाला. "तुला घरचा जिना चढवत नाही."

"गप्प बसा हो."

"बसतो," तो म्हणाला, आणि खरंच गप्प बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली की नवऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं.

मग फोन वाजला. निशिवाकी आजींचा होता. उलट्या थांबल्या होत्या, नाडी ठिकाणावर आली होती, रात्रभर ठेवून घेणार होते पण धोका टळला होता. "तुम्ही भोंग्यावर बोलला नसतात तर आम्ही दोघांनी सगळी भाजी संपवली असती," आजी म्हणाल्या. "आणि मग पोरीला कोण उतरवणार होतं खाली?" यासुएने फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. इसाओने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या जीवात जीव आला होता, आणि तिला वाटलं की आता संपलं.

संपलं कुठलं! मांडवात तोमेकिची आजोबा येत होते, निळा डगला, हातात टोपली, आणि चेहरा लालबुंद.

"कुठेय ती? यासुए!" ते थेट तिच्या खोक्यापुढे येऊन उभे राहिले. "मी तुला एवढी चांगली उरुई आणून ठेवली, आणि तू तिच्यात आपली घाण कालवलीस? डोंगरातलं ओ की ठो कळत नाही तर मधे हात कशाला घालतेस? माणूस मरता मरता वाचला! तोचिझावाची भाजी म्हणून माझं नाव घेतात लोक, कळतं का तुला?"

यासुए उठली आणि तिने मान खाली घातली. "चुकलंच माझं, आजोबा."

"आजपासून तू तोडलेलं पान न पान आधी मला दाखवायचं. मला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवायचं नाही. समजलं?"

"समजलं."

हे तिने ऐकून घेतलं. आणखी दहा माणसांसमोर ऐकून घेतलं असतं. भोंग्यावर बोलली तेव्हाच तिने ते पत्करलं होतं. पण घाटाच्या शेवटच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला. आजोबांनी डोक्याचं फडकं नीट केलं, टोपली काखेत घेतली.

"हिराबायाशी," ते म्हणाले, "आज मी त्यांना तोडल्या जागी कच्चं पान चाखायला देणार. डोळ्यांनी कुणी शिकत नाही. जिभेला कळलं की मग असा गोंधळ होत नाही, या बाईने घातला तसा."

"वा आजोबा, उत्तम!" हिराबायाशी म्हणाले. त्यांना काय ठाऊक?

यासुएने हात्सुमीकडे पाहिलं. हात्सुमीचा हात कढईवरच थांबला होता. तोडल्या जागीच खाणार, मग कढईपाशी उभं राहून ती काय निवडणार होती? बसभर माणसं, आणि आजोबा स्वतः सगळ्यांत आधी. बस खालच्या शेतांपाशी दिसायला लागली. बोल ना, बोल ना गं, यासुए मनात म्हणत राहिली. हात्सुमी बोलली नाही.

"आजोबा," यासुए म्हणाली. "मी या वसंतात डोंगरावर गेलेच नाही."

"काय?"

"एकदाही नाही. माझा गुडघा चालत नाही, यांना विचारा. भाजी माझी नव्हती. पायरीवर आली होती पहाटे. पेंढ्याने बांधलेली."

"पेंढ्याने तर मी बांधतो," आजोबा म्हणाले, अगदी सहज, एखाद्या बावळटाला समजावून सांगावं तसे. मग ते थांबले. त्यांनी मांडवभर नजर फिरवली. जिच्याकडे बघावं ती बाई हातातल्या पिठाकडे बघत होती.

"हात्सुमी?"

"बाबा..."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून."

"आणि गावाला काही झालं नाही ते कसं?"

हात्सुमी आता रडत होती. "मी निवडत होते, बाबा. तुम्ही तोंड धुवायला गेलात की."

"रोज?"

"रोज."

"माझ्या टोपलीत हात घालून." ते एवढंच म्हणाले. रागावले का, ते त्यांच्या आवाजावरून कुणालाच कळलं नाही.

बस मांडवापुढे येऊन थांबली, दार उघडलं, आणि रंगीत टोप्या घातलेली माणसं किलबिलाट करत उतरायला लागली. आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. आज या सगळ्यांना त्यांनी आपल्या हाताने भरवलं असतं. ते दोन पावलं पुढे गेले. टोपली बाजूला ठेवली, गुडघे टेकले, दोन्ही तळहात मातीवर ठेवले आणि मोठ्या चुकीची माफी मागतात तसं कपाळ जमिनीला लावलं.

उतरलेल्यांपैकी एकेकाने फोटो काढायला फोन वर केले.

"बघा, बघा!" पुढची एक बाई शेजारणीला म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते. "अजून आहेत अशी माणसं. शहरात कोण करतं असं स्वागत?" आणि तिने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. हिराबायाशी तोंडावर पाहुण्यांसाठीचं हसू घेऊन उभे होते. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. गावातलं कुणी जागचं हललं नाही.

ती बाई यासुएपाशी आली. "कागदावरचे आजोबा हेच ना? आम्ही यांच्यासाठीच आलो हो. यांच्याबरोबरच जायचंय ना डोंगरावर?"

यासुएला ते हळू आवाजात सांगता आलं असतं. पण आजोबांना ते ऐकू जायलाच हवं होतं. आज सांगितलं नाही तर उद्या पहाटे ते पुन्हा टोपली घेऊन निघाले असते.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. तिचा बसलेला आवाज पार चिरकला. "आजोबा आता डोंगरावर जात नाहीत."

टाळ्या अजून चालू होत्या. तोमेकिची आजोबांनी कपाळ वर उचललं नाही.